विश्लेषण : ‘तपासता आले नाही’ म्हणजे ‘बरोबर आहे’ नव्हे! सुरक्षित जोडणीतील चुकांची चाचणी का महत्त्वाची?

बँकेचे, शेअरचे किंवा सरकारी सेवेचे ॲप आपल्या सर्व्हरशी बोलते ते ‘सुरक्षित सॉकेट’मधून. हे बोलणे नीट चालते का, हे सगळेच तपासतात. ते बिघडल्यावर प्रोग्राम नेमके काय करतो, हे मात्र अनेकदा तपासायचे राहून जाते. जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही त्यामुळे गंभीर त्रुटी राहून गेल्या. त्या कशा होत्या आणि त्या पकडण्यासाठी चुका मुद्दाम कशा घडवल्या जातात, याविषयी...

अमळनेर आणि शेअर यांचे नाते जुने आहे. एम. एच. हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन केलेल्या ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या कंपनीचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. हीच कंपनी पुढे ‘विप्रो’ झाली आणि १९८० च्या दशकात संगणकाच्या व्यवसायात उतरली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. कागदी शेअरच्या काळात ज्यांनी कधी हस्तांतराचा अर्ज भरला, त्यांना एक शेरा चांगला ठाऊक असतो : ‘सही जुळत नाही’. विकणाऱ्याची सही दप्तरातील नमुना सहीशी ताडून पाहिली जाई. फरक दिसला की कागद परत. वैताग येई, पण खऱ्या मालकाचे रक्षण त्या वैतागातच होते.

आता समजा, ताडून पाहायला नमुना सहीचा कागदच दप्तरात सापडला नाही. म्हणजे सही जुळते असेही नाही आणि जुळत नाही असेही नाही. अशा वेळी कारकुनाने अर्ज थांबवणे योग्य. पण ‘सही चुकीची असल्याचे आढळले नाही’ असा शेरा मारून त्याने हस्तांतर मंजूर केले तर? कार्यालयात असे कोणी केले तर चौकशी होईल. सॉफ्टवेअरमध्ये मात्र नेमके असेच घडले आहे. तेही एकदा नव्हे आणि कुठल्या किरकोळ प्रोग्राममध्येही नव्हे.

‘सुरक्षित सॉकेट’ म्हणजे काय?

दोन संगणकांनी नेटवर्कवरून बोलायचे तर प्रत्येक बाजूच्या प्रोग्रामला एक टोक लागते. त्या टोकाला ‘सॉकेट’ म्हणतात. प्रोग्राम त्यात मजकूर लिहितो आणि पलीकडून आलेला मजकूर त्यातून वाचतो. साध्या सॉकेटमधून जाणारा मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा असतो. वाटेतला कोणीही तो वाचू शकतो, बदलूही शकतो. ‘टीएलएस’ ही पद्धत त्याला लखोट्यात घालते. ब्राउझरमध्ये ‘एचटीटीपीएस’ दिसते तेव्हा मागे टीएलएसच काम करत असते. तिची सध्याची आवृत्ती, टीएलएस १.३, ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

मजकूर पाठवण्याआधी दोन्ही बाजूंत ‘हँडशेक’ होतो. त्यात सर्व्हर आपले डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो. फोनमधील ॲपने त्यावर काही प्रश्न विचारायचे असतात. हे प्रमाणपत्र विश्वासू संस्थेने दिले आहे का? त्यावरील डिजिटल सही बरोबर आहे का? मुदत संपलेली नाही ना? प्रमाणपत्रावरचे नाव आपण ज्याच्याशी बोलायला निघालो त्याचेच आहे का? शिवाय त्या प्रमाणपत्राशी जोडलेली गुप्त किल्ली समोरच्याकडे खरोखर आहे, याचा पुरावाही मागायचा असतो. एक जरी उत्तर चुकले तरी जोडणी तोडायची, हा नियम आहे. कुलूप कितीही मजबूत असले तरी किल्ली चोराच्या हाती दिली तर उपयोग नाही. टीएलएसमध्ये समोरचा कोण आहे ही खात्री म्हणूनच सर्वात मोलाची.

यात ‘चूक हाताळणे’ कुठे येते?

नेटवर्कमध्ये चुका हा अपवाद नसतो, तो रोजचा व्यवहार असतो. सुरत-भुसावळ मार्गावरून अमळनेरकडे येणाऱ्या गाडीत फोनवर व्यवहार करणाऱ्या प्रवाशाचा सिग्नल एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, मध्येच गायब होतो, पुन्हा येतो. हँडशेक अर्ध्यात तुटतो, अर्धाच मजकूर पोहोचतो, उत्तरच येत नाही. प्रत्येक प्रसंगी काय करायचे, हे प्रोग्राममध्ये आधी लिहून ठेवावे लागते.

गोंधळ असा की सुरक्षित सॉकेटचे उत्तर केवळ ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच नसते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या लायब्ररीचेच उदाहरण घ्या. वाचण्याचा प्रयत्न केला की ती सांगू शकते : ‘अजून पुरेसा मजकूर आलेला नाही, थोड्या वेळाने पुन्हा विचारा’, ‘आधी मला काही पाठवू द्या, मगच वाचता येईल’, ‘समोरच्याने रीतसर निरोप घेतला’, ‘ऑपरेटिंग सिस्टीमकडून चूक आली’, किंवा ‘टीएलएसच्या नियमांचाच भंग झाला’. यातली पहिली दोन उत्तरे म्हणजे चूक नव्हेच, फक्त ‘थांबा’. त्यांना चूक समजले तर चांगली जोडणी विनाकारण तुटते. उलट शेवटच्या उत्तराला ‘थांबा’ समजून पुन:पुन्हा प्रयत्न करत राहिले तर प्रोग्राम अडकून पडतो.

त्यात आणखी एक खोच आहे. ओपनएसएसएल चुकांची नोंद प्रत्येक थ्रेडच्या रांगेत ठेवते. नवे काम सुरू करण्याआधी ती रांग रिकामी हवी, असे तिच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. तसे केले नाही तर मागच्या कामाची तक्रार पुढच्या कामाच्या नावे चढते. निर्दोष जोडणी तुटते आणि दोष शोधणारा भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

‘उणे एक’ या आकड्याने काय केले?

७ जानेवारी २००९ रोजी ओपनएसएसएलने एक सूचना प्रसिद्ध केली. गूगलच्या सुरक्षा पथकाने एक दोष कळवला होता. त्याचा क्रमांक सीव्हीई-२००८-५०७७. सही तपासणाऱ्या फंक्शनची उत्तरे तीन होती : सही बरोबर असेल तर १, चूक असेल तर ० आणि तपासणीच करता आली नाही तर उणे १. ते उत्तर वापरणाऱ्या काही ठिकाणी मात्र एवढेच पाहिले जात होते, की उत्तर शून्य आहे का? सी या भाषेत शून्य म्हणजे ‘नाही’ आणि शून्याखेरीज कोणताही आकडा म्हणजे ‘हो’. त्यामुळे उणे एकही ‘हो’ ठरला!

याचा अर्थ हल्लेखोराला हुबेहूब खोटी सही करायची गरजच नव्हती. तपासणारा गोंधळून जाईल अशी वेडीवाकडी, रचनेतच बिघडलेली सही दिली की पुरे. अमळनेरच्या उदाहरणात सांगायचे तर खोटी सही गिरवण्याऐवजी नमुन्याचा कागदच गहाळ करावा आणि कारकुनाने अर्ज मंजूर करावा, असा हा प्रकार. ओपनएसएसएलमध्ये हा दोष डीएसए व ईसीडीएसए या प्रकारच्या किल्ल्यांपुरता होता. पण हेच फंक्शन वापरणाऱ्या इतर प्रोग्रामांनीही तीच चूक केली होती. संगणकांची घड्याळे जुळवणारे ‘एनटीपी’ आणि संकेतस्थळांची नावे पत्त्यांशी जोडणारे ‘बाइंड’ यांनाही तेव्हा दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

पाच वर्षांनी, मार्च २०१४ मध्ये, ‘ग्नूटीएलएस’ या दुसऱ्या प्रसिद्ध लायब्ररीत याच जातीचा दोष सापडला. या लायब्ररीतील बहुतेक फंक्शन चुकीसाठी उणे आकडा देत. प्रमाणपत्र तपासणाऱ्या एका फंक्शनकडून मात्र ‘हो’साठी १ आणि ‘नाही’साठी ० अशी अपेक्षा होती. आतल्या आत चूक झाली की ते उणे आकडा तसाच वर पाठवी आणि वरचा प्रोग्राम त्याला ‘हो’ समजे. अनेक वर्षे हे कोणाच्या लक्षात आले नाही. त्याचे कारण साधे आहे. चांगली प्रमाणपत्रे स्वीकारली जात होती, नेहमीची खोटी प्रमाणपत्रे नाकारली जात होती. तपासणीच कोलमडेल अशी प्रमाणपत्रे कोणी देऊन पाहिली नव्हती.

‘गोटू फेल’ हे काय प्रकरण होते?

त्याच्या काहीच दिवस आधी, २१ फेब्रुवारी २०१४ रोजी, ॲपलने आयफोनसाठी घाईने ७.०.६ ही आवृत्ती काढली. हँडशेकच्या वेळी सर्व्हरची सही तपासणाऱ्या भागात ‘गोटू फेल’ ही एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. या ओळीचा अर्थ, ‘चूक झाली, थेट शेवटच्या भागात जा’. पहिली ओळ अटीला बांधलेली होती. दुसरी मोकळी होती, त्यामुळे ती प्रत्येक वेळी अमलात येई. परिणाम असा की प्रत्यक्ष सही तपासण्याची पुढची पायरी कायमची वगळली गेली. विशेष म्हणजे ‘फेल’च्या भागात पोहोचूनही प्रोग्राम यशच कळवत होता. कारण तोवरची पायरी यशस्वी झाली होती आणि चुकीची नोंद ठेवणाऱ्या जागेत शून्य, म्हणजे ‘काही चूक नाही’, असे लिहिलेले होते.

लाखो लोकांच्या फोनमध्ये संकेतस्थळे नीट उघडत होती, मेल येत होते. नेहमीची चाचणी घेणाऱ्याला सगळे हिरवेच दिसले असते. हा दोष पकडायचा तर प्रमाणपत्र बरोबर पण हँडशेकमधील सही चुकीची, असा खोडसाळ सर्व्हर मुद्दाम लिहावा लागतो. खरा सर्व्हर असे कधी वागत नाही, म्हणून तसा सर्व्हर कोणी लिहीत नाही. दोष तिथेच दडून राहतो.

पायथनमध्ये काय सापडले?

अलीकडचे आणि शिकण्यासारखे उदाहरण पायथन या भाषेचे आहे. महाविद्यालयांपासून बँकांपर्यंत ती सर्वत्र वापरली जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या टीएलएस विभागातील सीव्हीई-२०२३-४०२१७ हा दोष जाहीर झाला. आपो ओक्समन यांनी तो कळवला होता आणि ग्रेगरी पी. स्मिथ यांनी दुरुस्ती केली. ३.११.५ आणि इतर चालू आवृत्त्यांतून ती २४ ऑगस्टला वापरकर्त्यांपर्यंत गेली.

दोष समजून घ्यायला क्रम पाहावा लागतो. ग्राहक सर्व्हरला जोडला जातो. मग सर्व्हर त्या साध्या सॉकेटवर टीएलएसचे आवरण चढवतो. मग हँडशेक होतो. पण समजा, ग्राहकाने जोडले जाताच उघडा, न गुंडाळलेला मजकूर पाठवला आणि सर्व्हरने आवरण चढवण्याआधीच जोडणी तोडून टाकली. आवरण चढवताना पायथन विचारते : समोर कोणी जोडलेले आहे का? उत्तर येते, ‘नाही’. मग पायथन समजते की ही जोडणी अजून व्हायची आहे. हँडशेक नंतर करू. दरम्यान तो उघडा मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमच्या साठ्यात पडूनच असतो. सर्व्हरने वाचायला घेतले की तो जसाच्या तसा हाती येतो. हँडशेक नाही, प्रमाणपत्र नाही, काहीच नाही. तरीही सर्व्हर धरून चालतो की हा मजकूर टीएलएसमधून, ओळख पटवून आला आहे.

काही कार्यालयीन यंत्रणांत ग्राहकालाही प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ते दाखवणाऱ्यालाच नोंदी बदलण्याचा अधिकार असतो. अशा ठिकाणी हा दोष सर्वाधिक घातक होता. हल्लेखोराला उत्तर मिळत नसे, कारण त्याने जोडणी आधीच तोडलेली असे. त्यामुळे माहिती चोरणे अवघड होते. पण ‘ही नोंद पुसून टाका’ अशी आज्ञा द्यायला उत्तराची गरज नसते.

मूळ चूक पुन्हा तीच. ‘समोर कोणी नाही’ या उत्तराचे दोन अर्थ होते : ‘अजून कोणी आलेले नाही’ आणि ‘येऊन, काहीतरी ठेवून, निघून गेले’. प्रोग्रामने दोन्ही एकच मानले. दुरुस्तीनंतर पायथन अशा वेळी साठ्यात काही पडले आहे का, हे पाहते. काही सापडले तर ‘हँडशेकआधीच जोडणी बंद झाली आणि साठ्यात मजकूर आहे’ अशी स्पष्ट चूक जाहीर करून सॉकेट बंद करते.

त्याची चाचणी कशी लिहिली गेली?

दुरुस्तीइतकीच तिच्याबरोबरची चाचणी महत्त्वाची आहे. हा दोष ठरावीक क्षणांच्या क्रमातच दिसतो. तो नशिबाने घडण्याची वाट पाहून चालत नाही. म्हणून चाचणीत सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये चालवला जातो आणि त्याला ग्राहक जोडला गेल्यानंतर, पण आवरण चढवण्याआधी, थांबवून धरले जाते. तेवढ्यात चाचणीतील ग्राहक उघडा मजकूर पाठवतो. ती असते चक्क माहिती पुसण्याची आज्ञा. मग तो सॉकेट बंद करतो. हे बंद करणेही साधे नसते. सॉकेटवर खास पर्याय लावून रीतसर निरोपाऐवजी ‘रीसेट’ पाठवला जातो, म्हणजे फोन दाणकन आपटल्यासारखे. त्यानंतरच सर्व्हरला ‘आता पुढे जा’ असा इशारा मिळतो. शेवटी दोन गोष्टी पाहिल्या जातात : चूक जाहीर झाली का आणि सर्व्हरच्या हाती एकही अक्षर पडले नाही ना?

दुसरी तपासणी विसरण्याचा मोह असतो. चूक आली म्हणजे झाले, असे वाटते. पण चूकही आली आणि मजकूरही आत शिरला, असेही होऊ शकते. सुरक्षेच्या चाचणीत ‘ओरडला का’ याबरोबरच ‘दार खरेच बंद राहिले का’ हे पाहावे लागते.

यातला आणखी एक धडा असा की एकच प्रसंग वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. लिनक्सवर ज्या क्षणी एक चूक दिसते, तिथे विंडोजवर दुसरीच दिसू शकते. शिवाय संथ संगणकांवर थ्रेडना दिलेला वेळ अपुरा पडू लागला. म्हणून पुढे या चाचण्यांतील मुदती वाढवाव्या लागल्या. काही यंत्रणांवर हवी ती परिस्थिती घडवताच आली नाही, तर चाचणी तसे स्पष्ट सांगून स्वतःला ‘वगळलेली’ म्हणून नोंदवते. म्हणजे चाचणीलाही तीन उत्तरे आहेत : उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि ‘घेता आली नाही’. तिसऱ्याला पहिल्यात मोजले, तर जो दोष पकडायचा तोच आपण करून बसतो.

संभाषण अर्ध्यात तुटले तर?

टीएलएसमध्ये बोलणे संपले की निरोपाचा एक खास संदेश पाठवायचा असतो. त्याला महत्त्व आहे. वाटेतला हल्लेखोर गुंडाळलेला मजकूर वाचू शकत नसला, तरी जोडणी तोडू शकतो. समजा, खात्याच्या उताऱ्यात चाळीस नोंदी आहेत आणि पंचविसाव्या नोंदीनंतर जोडणी तोडली गेली. निरोप आला नाही, हे ॲपने लक्षातच घेतले नाही तर ते पंचवीस नोंदींचा उतारा पूर्ण म्हणून दाखवेल. आलेले प्रत्येक अक्षर खरे असेल, पण उतारा खोटा असेल.

सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० ने याबाबत धोरण कडक केले. निरोपाविना तुटलेली जोडणी आता टीएलएसची चूक म्हणून कळवली जाते. अनेक जुने सर्व्हर निरोप न घेताच फोन ठेवत. त्यामुळे आजवर ‘चालत’ असलेले प्रोग्राम अडखळू लागले. जुनी सवय चालू ठेवण्यासाठी एक पर्याय दिला आहे. पण मजकुराची लांबी दुसऱ्या मार्गाने ताडून पाहिली जात असेल तरच तो वापरणे योग्य.

चुका मुद्दाम घडवण्याचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग सोपा आहे आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. धुळे, जळगाव वा अमळनेरच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या लॅपटॉपवरच एक छोटा सर्व्हर चालवता येतो. त्याला मुदत संपलेले प्रमाणपत्र द्यावे, मग भलत्याच नावाचे, मग स्वतःच स्वतःला दिलेले. प्रत्येक वेळी ग्राहक प्रोग्रामने नकार दिलाच पाहिजे. ‘बॅडएसएसएल’ या संकेतस्थळावर अशी नमुनेदार बिघडलेली प्रमाणपत्रे सर्वांसाठी मांडून ठेवली आहेत. त्यानंतर जोडणी प्रत्येक टप्प्यावर तोडून पाहावी : हँडशेकआधी, हँडशेकच्या मध्ये, मजकुराच्या मध्ये. मजकूर एकेक बाइट करून पाठवावा. काहीच न पाठवता गप्प बसावे आणि ग्राहक ठरलेल्या वेळेत माघार घेतो का, हे पाहावे. लिनक्समधील ‘नेटेम’ ही सोय वापरून खराब रेंजचे नेटवर्कही घरबसल्या तयार करता येते.

दुसरा मार्ग चिकाटीचा. ‘कर्ल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या चाचण्यांत ‘टॉर्चर’ नावाचा प्रकार आहे. त्यात एकच चाचणी पुन:पुन्हा चालवतात. पहिल्या फेरीत मेमरीची पहिली मागणी मुद्दाम नाकारली जाते, दुसऱ्या फेरीत दुसरी, असे शेवटपर्यंत. एरवी ज्या ओळींवर प्रोग्राम कधीच पोहोचत नाही, त्या प्रत्येक ओळीवर त्याला एकदा तरी चालायला लावले जाते.

तिसरा मार्ग एकमेकांच्या साक्षी काढण्याचा. २०१४ मध्ये संशोधकांनी खऱ्या प्रमाणपत्रांचे तुकडे उलटसुलट जोडून ८० लाखांहून अधिक विचित्र प्रमाणपत्रे तयार केली. कथेतल्या फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसावरून त्यांना ‘फ्रँकनसर्ट’ म्हटले गेले. तेच प्रमाणपत्र अनेक लायब्ररींना दाखवायचे. एकीने स्वीकारले आणि दुसरीने नाकारले, तर कोणीतरी एक चुकते आहे. अशा २०८ विसंगती सापडल्या.

तपासणीच बंद केली तर?

सर्वात धोकादायक ‘उपाय’ हाच आहे आणि तो सर्वात सोपाही आहे. प्रमाणपत्राची चूक येऊ लागली की एका ओळीत तपासणी बंद करता येते. चूक नाहीशी होते, काम पुढे सरकते. ती ओळ पुढे काढायची राहून गेली की ॲप कोणाच्याही प्रमाणपत्रावर विश्वास ठेवू लागते. पायथनची एचटीटीपीएस सुविधा तर डिसेंबर २०१४ मधील २.७.९ या आवृत्तीपर्यंत मुळातच प्रमाणपत्र तपासत नसे. तपासणी हवी असेल तर ती मागावी लागे.

कधी हेतू चांगला असूनही घात होतो. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड आणि टेक्सास विद्यापीठांतील संशोधकांनी दाखवले, की कर्लमध्ये नाव ताडण्याचा पर्याय अनेकांनी ‘ट्रू’ असा लिहिला होता. ‘हो, तपासा’ असाच त्यांचा हेतू होता. पण त्या पर्यायाला आकडा हवा होता. ‘ट्रू’चा झाला १ आणि १ चा अर्थ होता, ‘प्रमाणपत्रावर काहीतरी नाव आहे ना, एवढेच पाहा’. नाव जुळते का हे पाहण्यासाठी २ लिहायला हवे होते. पैशाचे व्यवहार करणाऱ्या नामांकित सेवांच्या लायब्ररीही यात फसल्या. चुकीच्या नावाचे प्रमाणपत्र देऊन एकदा जरी चाचणी घेतली असती, तरी हे लगेच उघड झाले असते.

नकार देण्याचीही किंमत असते का?

असते. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ‘ओटू’ कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट बंद पडले. जपानमध्येही फटका बसला. कारण होते एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधील मुदत संपलेले एक प्रमाणपत्र. सुरक्षेच्या दृष्टीने नकार देणे हेच नियमाला धरून होते, पण एवढी मोठी सेवा एका तारखेवर टांगलेली आहे, हे कोणी आधी पडताळून पाहिले नव्हते. चूक हाताळण्याच्या चाचणीत म्हणून हाही भाग येतो : मुदत जवळ आल्याचे कोणाला कळते? नकाराचा संदेश दुरुस्ती करणाऱ्याला समजेल असा आहे का? घड्याळ पुढे करून ही तालीम आधीच करता येते.

चाचणीला मर्यादाही आहेत. जुलै २०१४ मध्ये भारतातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अखत्यारीतील प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. देशाच्या प्रमाणन नियंत्रकांनी केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. अशा वेळी सही बरोबर असते, नाव जुळते, मुदतही शिल्लक असते. ॲपची प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होते आणि तरीही समोरचा भलताच असू शकतो. देणाऱ्यावरचा विश्वासच डळमळला, तर तपासणाऱ्याच्या हाती फारसे उरत नाही.

सामान्य वापरकर्त्याने काय लक्षात ठेवावे?

ब्राउझर किंवा ॲप ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असे सांगते तेव्हा ‘तरीही पुढे जा’ हे बटण म्हणजे नमुना सही न पाहता मारलेला शिक्का असतो. बँक किंवा शेअरच्या व्यवहारात ते दाबू नये. फोन आणि ॲप अद्ययावत ठेवावेत. वर सांगितलेले बहुतेक दोष दुरुस्ती निघाल्यानंतरही जुन्या आवृत्त्यांत जिवंत राहिले. छोट्या पतसंस्था, बाजार समित्या किंवा शाळा आपले ॲप बाहेरून करून घेतात. त्यांनी ते स्वीकारताना एक प्रश्न जरूर विचारावा : ‘चुकीच्या प्रमाणपत्राला ॲप नकार देते, हे आमच्यासमोर दाखवता का?’ ही चाचणी पाच मिनिटांत होते आणि ती पाहायला संगणकशास्त्र शिकलेले असावे लागत नाही.

शेअर आता कागदावर राहिलेले नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतरही थांबले. अमळनेरच्या ज्या घरात आजोबांनी शेअरचे कागद पत्र्याच्या पेटीत जपले, तिथला नातू तेच शेअर आज फोनवर पाहतो. सही ताडणारा कारकून आता प्रोग्रामच्या काही ओळींत बसला आहे. त्या ओळी लिहिणाऱ्याने कागद गहाळ झाल्यावर काय करायचे, हे त्याला सांगितले आहे का, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर तो कागद मुद्दाम गहाळ करून पाहिल्याशिवाय मिळत नाही.